चंपतरावांचा सोमवार

चंपतराव भोयर विमान चालवायचे आणि विमानतळावर सायकलने जायचे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या फाटकावरचा चौकीदार पहिली दोन-तीन वर्षं त्यांना मेकॅनिकच समजत होता. चंपतरावांनी त्याचा समज कधी मोडला नाही. ठेंगणा बांधा, धुवून धुवून विरलेला पांढरा सदरा, खिशाला एकच पेन. आभाळात वावरणारा माणूस कसा दिसावा याबद्दल लोकांच्या ज्या कल्पना असतात, त्यांतली एकही ते पुरी करत नसत.

भिवापूरजवळच्या एका गावात त्यांच्या वडिलांची मिरचीची शेती होती. मॅट्रिकनंतर शिकायला म्हणून मुलगा नागपुरात आला आणि सरकारी सवलतीवर फ्लाइंग क्लबात दाखल झाला. वडील पाहुण्यांना सांगत, "आमी वावरातली पाखरं हाकलतो, आन् आमचं पोट्टं पाखरू व्हाले गेलं." त्यात अभिमान किती आणि तक्रार किती, हे त्यांचं त्यांनाही नीट माहीत नसावं.

क्लबात काही वर्षं मुलांना शिकवल्यावर चंपतरावांना कृष्णकांत साहेबांकडे नोकरी मिळाली. कृष्णकांतांचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेलं. आता त्यांच्या मॅंगनीजच्या खाणी होत्या आणि धरमपेठेत बंगला होता. खाणींवर लवकर पोचता यावं म्हणून त्यांनी एक चार आसनी अमेरिकन विमान घेतलं होतं.

हे विमान क्लबातल्या विमानांसारखं नव्हतं. त्यांची चाकं कायम खाली असत. हे मात्र बगळ्यासारखं, उडालं की चाकं पोटात ओढून घ्यायचं आणि त्यामुळे जोरात जायचं. पुढच्या फळीवर एक बटण होतं. वर केलं की चाकं आत, खाली केलं की बाहेर. शेजारी दोन दिवे. चाकं वर असताना लाल लागे, खाली येऊन पक्की बसली की हिरवा. उतरण्याआधी बटण खाली करायचं आणि हिरवा दिवा पाहायचा, एवढंच. पण अशा विमानांचे मुरलेले वैमानिकही कधीतरी हे एवढंच विसरतात आणि विमान पोटावर उतरवतात.

या विमानाची देखभाल गिरिधर करायचा. चंपतरावांच्याच वयाचा, परवानाधारक इंजिनिअर. त्याने तपासून सही केल्याशिवाय विमान हँगरबाहेर निघत नसे. हाताने नेटका आणि जिभेने तिखट होता. चंपतराव त्याला म्हणत, "तिखट तर आमच्या गावची मिरची असते गा, तू कुठून आला?"

कृष्णकांतांखेरीज विमानात सर्वांत जास्त कोणी बसलं असेल तर त्यांच्या आई, यमुताई. यमुताईंची मुलगी अरुंधती जबलपूरला दिलेली होती. रेल्वेने जायचं म्हणजे गाडी बदला, रात्र काढा. विमानाने सव्वा तासात पोचता येई. यमुताई पुढे, चंपतरावांच्या शेजारच्या जागेवर बसत. मागे त्यांच्या सोबतीची प्रयागबाई. ती विमान हललं की डोळे मिटायची ते थांबल्यावर उघडायची.

पहिल्याच फेरीत जमीन सुटल्यावर खालून धप्प असा आवाज झाला तेव्हा यमुताईंनी विचारलं, "चंपतराव, काय तुटलं?"

"काही नाही तुटलं, आईसाहेब. चाकं आत घेतली."

"आणि उतरताना?"

"उतरताना सोडतो."

"आणि सोडायची राहिली तर?"

चंपतराव हसले. "राहत नाहीत जी."

यमुताईंचं समाधान झालं नाही. जबलपूर दिसू लागल्यावर त्यांनी विचारलं, "चाकं सोडली का?" चंपतरावांनी बटण खाली केलं, हिरव्या दिव्यावर बोट ठेवून दाखवलं. त्या दिवसापासून ही रीतच पडली. विमान वळून धावपट्टीसमोर आलं की त्या विचारणार, "चंपतराव, चाकं सोडली का?" आणि चंपतराव म्हणणार, "सोडली, आईसाहेब." सुरुवातीला प्रश्न येण्यापूर्वीच बटण खाली केलेलं असे. पुढेपुढे प्रश्न आला की हात बटणाकडे जाऊ लागला. हा बदल इतका हळू झाला की चंपतरावांच्या तो ध्यानात आला नाही.

गिरिधरच्या मात्र आला होता. एकदा चाचणीसाठी तो मागे बसून आला होता. उतरल्यावर म्हणाला, "चंपतराव, इमान तुमी चालवता का म्हातारी?"

"त्याइले विचारल्याशिवाय चैन पडत नाही."

"आन् तुमाले आयकल्याशिवाय हात चालत नाही. ते कार्ड काहून ठेवलं हाय मंग? वारा घ्याले?"

कार्ड म्हणजे उडण्याआधी आणि उतरण्याआधी करायच्या कामांची छापील पट्टी. ती प्रत्येक विमानात असते. चंपतरावांना ती तोंडपाठ होती, म्हणून ती आसनाशेजारच्या कप्प्यात पडून असायची.

हे सगळं एका श्रावणातल्या सोमवारी एकत्र आलं. साल अडुसष्ट.

यमुताई दर चातुर्मासात काहीतरी नेम धरत. त्या वर्षी त्यांनी सोमवारचं मौन धरलं होतं. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी देवघरात दिवा लागेपर्यंत एक शब्द नाही. जबलपूरहून रविवारीच परतायचं ठरलं होतं, पण रविवारी तिथे ढग इतके खाली उतरले की विमान काढता आलं नाही. सोमवारी सकाळी आभाळ उघडलं. यमुताईंनी हातानेच "चला" अशी खूण केली आणि त्या विमानात बसल्या.

सातपुड्यावरून विमान शांतपणे आलं. खाली सगळं हिरवं आणि ओलं होतं, ओढ्यांना गढूळ पाणी. चंपतरावांना ही शांतता आवडलीसुद्धा. एरवी यमुताई गावांची नावं विचारत, मग कोणतं तळं, कोणता रस्ता.

नागपूरजवळ आल्यावर टॉवरने रेडिओवर सांगितलं की मागून मोठं प्रवासी विमान येत आहे, तेव्हा वेग राखून या. वेग जास्त असताना चाकं सोडता येत नाहीत, वाऱ्याच्या माऱ्याने त्यांची झाकणं मोडू शकतात. म्हणून चंपतरावांनी मनाशी म्हटलं, वळल्यावर वेग उतरवू आणि मग चाकं सोडू. बुटीबोरीच्या अंगाने ते वळले. तेव्हा तिकडे नुसती शेतं होती. समोर धावपट्टी आली. आडवा वारा विमानाला ढकलत होता. त्याला सावरण्यात त्यांचं सगळं लक्ष गेलं.

यमुताईंनी लाल दिवा पाहिला. त्यांनी चंपतरावांच्या दंडावर बोटांनी टकटक केलं. चंपतरावांना वाटलं, त्या वाऱ्याच्या हेलकाव्यांनी भ्याल्या. "उतरलोच, आईसाहेब. भिऊ नका." त्यांनी पुन्हा टकटक केलं, जोरात, आणि फळीकडे हात केला. चंपतरावांची नजर धावपट्टीवर होती. त्यांनी नुसती मान डोलावली. तेव्हा यमुताईंनी ओठ उघडले. पण शब्द बाहेर आला नाही.

चाकं न सोडता इंजिन मंद केलं तर या विमानात भोंगा वाजतो. पण वाऱ्यामुळे चंपतरावांनी इंजिन शेवटपर्यंत मंद केलं नव्हतं. ते केलं तेव्हा जमीन हातभर खाली होती, आणि त्या वेळी वाजणारा दुसरा एक भोंगा असतो, वेग पुरता उतरल्याचा. उतरणं झकास होतंय याचीच ती खूण. आत्ता वाजला तो भोंगा चंपतरावांना तोच वाटला. त्यांनी नाक अलगद उचललं आणि चाकं टेकण्याची वाट पाहिली. ती टेकलीच नाहीत. विमान आणखी खाली गेलं, जिथे कधीच गेलं नव्हतं तिथवर. मग पुढचा पंखा खटाखट जमिनीवर आपटला आणि पत्र्याचा खरवडण्याचा आवाज सुरू झाला. तो बराच वेळ चालला.

विमान धावपट्टीच्या मधोमध थांबलं. कोणाला खरचटलंही नव्हतं. मागून प्रयागबाईने डोळे मिटूनच विचारलं, "उतरलो का जी?"

आणि त्या शांततेत चंपतरावांचा हात उठला, बटणाकडे गेला आणि त्याने ते खाली केलं. पोटाखाली काहीतरी घुं करून बंद पडलं. चंपतरावांनी विजेचा मुख्य खटका बंद केला. मग शेजारी पाहिलं. यमुताई त्यांच्या हाताकडे बघत होत्या.

घ्यायला आलेले कृष्णकांत जीपमधून उतरून धावत आले. यमुताई स्वतःच पंखावरून खाली उतरल्या. विमान इतकं खाली होतं की त्यांना कोणाचा हात धरावा लागला नाही.

"आई, लागलं का कुठे? आई! अगं, बोल ना काहीतरी." यमुताईंनी मान हलवून नाही म्हटलं. "डॉक्टरांना फोन करा कोणीतरी, हिची वाचा गेली!"

"वाचा कुठी जाते जी," प्रयागबाई म्हणाली, "सोमवार हाय त्याइचा."

तोवर गिरिधर आत डोकावून आला होता. त्याचा चेहरा उतरला होता. "बटन तर खाली हाय," तो म्हणाला.

"म्हणजे यांनी चाकं सोडली आणि ती आलीच नाहीत?" कृष्णकांतांनी चंपतरावांकडे पाहिलं. "असंच ना?"

चंपतरावांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे बघणाऱ्याने ठरवायचं होतं. कृष्णकांतांनी ठरवलं. सगळ्यांसमोर ते गिरिधरला म्हणाले, "शनिवारी तूच तपासलं होतंस. तुझ्या सहीवर माझी आई बसते, गिरिधर."

गिरिधरने गुडघे टेकून विमानाखाली पाहिलं. चाकांची झाकणं चेपून अडकली होती, त्यामुळे आतली यंत्रणा चालते की नाही हे तिथल्या तिथे कळायला मार्ग नव्हता. मागचं मोठं विमान वर घिरट्या घालत होतं. क्रेन आली, विमान उचलून हँगरमध्ये नेलं गेलं. चौकशीला विमान वाहतूक खात्याचा अधिकारी दुसऱ्या दिवशी मुंबईहून येणार होता. दोष यंत्रणेचा निघाला तर गिरिधरचा परवाना जाणार होता. वैमानिकाचा निघाला तर चंपतरावांचा. आणि ते बटण कधी खाली झालं हे ज्यांनी पाहिलं होतं, त्या यमुताई दिवेलागणीपर्यंत बोलणार नव्हत्या.

चंपतराव घरी आले. नंदनवन नावाच्या वस्तीत तेव्हा मोकळे प्लॉटच जास्त होते, त्यातल्या एका लहानशा घरात ते भाड्याने राहत. गोपिकाने, त्यांच्या बायकोने, ताट वाढलं. त्यांनी भाताला हात लावला नाही.

"काहून जेवून नाही राहिले? लागलं का कुठी?"

त्यांनी तिला सगळं सांगितलं. बटणाचंही. सांगताना त्यांना वाटलं, ही म्हणेल की झालं ते झालं, आता काय करता. ती ताटावरची माशी वारत बसली.

"गिरिधरभाऊले सांगतलं?"

"नाही."

"साहेबाले?"

"साहेबानं विचारलंच तसं. मी बोललोच नाही काही."

"बोलले नाही, हे दिसून राहिलं मले." तिने ताटावर झाकण ठेवलं. "आईसाहेबाचं मौन देवासाठी हाय. तुमचं कोनासाठी हाय?"

चंपतराव उठून ओट्यावर जाऊन बसले. समोर प्लॉटात पाणी साचलं होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. त्यांना घाबरायला झालं होतं ते परवान्यासाठी, हे खरं. पण त्याहून एक वेगळी भीती होती. संध्याकाळी यमुताई बोलतील. त्या आधी बोलल्या, तर आपण जे सांगू ते नुसतं पकडलेल्या माणसाचं सांगणं होईल. आणि त्या बोलल्याच नाहीत, तर? हे दुसरं त्यांना जास्त भयंकर वाटलं. त्यांनी सायकल काढली.

धरमपेठेच्या बंगल्यात पोचले तेव्हा उजेड होता अजून. दिवाणखान्यात कृष्णकांत गिरिधरला पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. शनिवारी मोटार पाहिली होती का, दांडे पाहिले होते का, तेल घातलं होतं का. गिरिधर उभा होता. त्याला कोणी बसा म्हटलेलं दिसत नव्हतं. यमुताई खिडकीजवळच्या खुर्चीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

"साहेब, मले बोलाचं हाय," चंपतराव दारातूनच म्हणाले.

"या. बरं झालं आलात. याला सांगा जरा—"

"चाकं मी सोडलीच नाहीत."

कृष्णकांत थांबले.

"विसरलो. इमान थांबल्यावर बटन खाली केलं मी. गिरिधरच्या कामात खोट नव्हती. सकाळी तुमी विचारलं तवाच सांगाले पाह्यजे होतं."

कृष्णकांत खुर्चीवर बसले. "मी मुंबईला फोन करून यंत्रणा बिघडली म्हणून सांगून बसलो आहे, चंपतराव. माझ्या तोंडाने." मग ते आईकडे वळले. "आई, हे खरं आहे? तू शेजारी होतीस."

यमुताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. आतून प्रयागबाई निरांजन घेऊन देवघराकडे गेली. वात पेटली. यमुताईंनी देवाचं नाव घेतलं. दिवसभराने आवाज घोगरा झाला होता.

"खरं आहे. आणि दिवा लाल होता, तो मी आधीच पाहिला होता. एक शब्द बोलले असते तर चाकं आली असती. मी नेम मोडला नाही. तेव्हा एकट्या यांच्यावर ओरडू नकोस."

"ओरडत नाही. पण यांना ठेवणार नाही मी."

"ते गिरिधर ठरवेल."

"आई, विमान माझं आहे."

"आणि सही त्याची. सगळ्यांसमोर तू ज्याला बोललास, त्याला विचार."

सगळ्यांनी गिरिधरकडे पाहिलं. तो चंपतरावांकडे बघत होता, आणि एरवीची तिखट जीभ कुठे गेली होती कोण जाणे.

"दुपारभर मी माह्या हातावर शक घेत बसलो, चंपतराव," तो म्हणाला. "एकेक नट आठवून पाह्यला. हा कसला होता का, तो कसला होता का. आईसाहेब मेल्या असत्या तर माह्यामुळं, असं वाटलं. चाकं विसरले ते समजते मले. दुपार नाही समजत."

चंपतराव दारातून बाजूला झाले.

"आज नाही सांगता येत, आईसाहेब," गिरिधर म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यासमोर चंपतरावांनी तेच सांगितलं. हँगरमध्ये विमान उचलून धरलं, वाकलेली झाकणं कापून काढली आणि वीज जोडली, तेव्हा तिन्ही चाकं कुरकुर न करता खाली आली. चंपतरावांचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला. परत मिळवायला नव्याने परीक्षा द्यायची होती.

दिवाळीनंतर ते गावी गेले आणि मिरचीच्या तोड्याला बायांबरोबर वावरात उभे राहिले. वडील आता थकले होते. त्यांनी काही विचारलं नाही, एवढंच म्हणाले, "तोडाची सवय सुटली तुह्यी. देठ तुटून राहिले." संध्याकाळी चंपतराव खाटेवर बसून कंदिलाजवळ विमानातल्या कार्डाची नक्कल वाचायचे. तोंडपाठ असलेली गोष्ट मोठ्याने वाचायची त्यांना लाज वाटे. पोरं हसत. तरी ते वाचत, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून.

पंखा आणि पोटाचे पत्रे परदेशातून यायला हिवाळा सरला. परीक्षाही त्याच सुमाराला झाली. दरम्यान गिरिधर एकदाच भेटला होता, इतवारीच्या बाजारात, आणि "बरं हाय ना?" एवढंच विचारून पुढे गेला होता. नोकरीचं काही ठरलं नव्हतं. कृष्णकांत दुसऱ्या वैमानिकाच्या शोधात आहेत असं कानावर येई, आणि मग गिरिधरचं अजून उत्तर आलं नाही असंही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी निरोप आला. दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण आहे, हँगरवर या. या उड्डाणात सही करणारा इंजिनिअर वैमानिकाबरोबर बसतो.

गिरिधर यमुताईंच्या जागी बसला. जमीन सुटली, चाकं आत गेली. बराच वेळ त्यांनी वर फेऱ्या मारल्या. गिरिधर काटे पाहत होता, कागदावर आकडे टिपत होता. परतायची वेळ झाली तेव्हा त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि हात मांडीवर ठेवले. तो मुद्दाम गप्प बसला आहे, हे चंपतरावांना कळलं. अंबाझरी तलावाचं पाणी उजवीकडे चमकत होतं. विमान वळलं. धावपट्टी समोर आली. गिरिधर समोर बघत होता, फळीकडे नाही.

चंपतरावांनी कप्प्यातून कार्ड काढलं, मांडीवर ठेवलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. इंजिन, इंधन, पट्टे. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी ती वाचली, बटण खाली केलं. पोटाखालून धप्प झालं. हिरवा दिवा लागला. त्यांनी त्याला बोट लावून "हिरवा" असं म्हटलं, आणि उरलेल्या ओळी वाचून पूर्ण केल्या. चाकं टेकली तेव्हा नेहमीसारखा हलका धक्का बसला.

हँगरसमोर इंजिन बंद केल्यावर गिरिधर आधी उतरला. वाकून तिन्ही चाकं पाहिली, एका दांड्यावरून हात फिरवला, कापडाने बोटं पुसली. चंपतराव खाली उतरून उभे राहिले.

"परवा जबलपूरची फेरी हाय," गिरिधर म्हणाला. "आईसाहेबाले आनाचं हाय. साहेबाले मी सांगून ठेवतो."

चंपतरावांनी बरं म्हटलं. मग दोघांनी दोन बाजूंनी पंखाला खांदा लावला आणि विमान आत ढकललं.